यायाकडे राहिलेला माझा डबा

डब्लिनच्या या घरात आम्ही राहायला आलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या पुढच्या लॉनवर एक म्हातारी सुरी घेऊन उकिडवी बसली होती. डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसच्या कडेचं. इथं दर चौथ्या घरात पुण्या-नागपूरकडचं कुणीतरी राहतं आणि चारही घरांत शनिवारी लॉन कापलं जातं.

पुरुषोत्तमनं तिला आधी पाहिलं. पुरुषोत्तम माझा नवरा, नागपूरचा, डेटाबेसमधला माणूस. डेटाबेसमध्ये कुणी न विचारता घुसलेलं त्याला खपत नाही, तर लॉनवर कुठून खपणार. "सुलेखा, इकडे ये. ही बाई आपल्या अंगणात काय करून राहिली बाप्पा? पोलीस बोलवू का?" मी म्हटलं, ऐंशी वर्षांच्या बाईवर पोलीस बोलावलेस तर अख्ख्या ओहायोत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तशीच चपला अडकवून बाहेर गेले.

बाई काही उठली नाही. काळा स्कर्ट, वर कुणा पुरुषाचा जुना स्वेटशर्ट, शेजारी प्लास्टिकची पिशवी. लॉनमध्ये माजलेल्या डँडेलियनची, म्हणजे त्या पिवळ्या फुलांच्या तणाची, पानं ती मुळाशी सुरी घालून अशी उचलत होती की रोप जागचं हलत नव्हतं. मान वर न करता तिनं मलाच विचारलं, "औषध मारलंय इथं?" मी म्हटलं, नाही, आम्ही परवाच आलो. "छान. मारू पण नका," ती म्हणाली आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

मी पिशवीत डोकावले, तर आत चक्क पाथरी. म्हणजे पाथरीच नव्हे, पण तिची सख्खी मावसबहीण. आमच्या वाईकडे आई बांधावरून पाथरी ओटीत भरून आणायची आणि आम्ही ती कच्चीच भाकरी-चटणीबरोबर खायचो. हे मी तिला सांगितलं. तेव्हा कुठे ती उठली, तिनं गुडघे चोळले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साठ वर्षं झाली मला या देशात येऊन. गवत खाणारी पहिली शहाणी बाई भेटली." मग तिनं पिशवीतली निम्मी भाजी माझ्या ओंजळीत टाकली. माझ्याच लॉनमधली भाजी तिनं मला दिली आणि मी तिला थँक्यू म्हटलं. पुरुषोत्तम हे अजून विसरलेला नाही.

तिचं नाव स्टमाटिया. पण पोराटोरांपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला याया म्हणतात. ग्रीक लोक आजीला याया म्हणतात. आल्यागेल्याला दारातून आत ओढणाऱ्या बाईला याहून चांगलं नाव मराठीतही सापडलं नसतं. ती राहते आमच्या डाव्या हाताला. एकटी. अमेरिकेत आयुष्य काढूनही इंग्रजी व्याकरणाचे तिनं फार लाड केलेले नाहीत. क्रियापद हाताशी आलं तर घालते, नाही तर हातवारे करून काम भागवते.

ग्रीसच्या समुद्रात सिरोस नावाचं एक खडकाळ बेट आहे. तिथं कातडी कमावणाऱ्या एका माणसाला ओळीनं चार मुली झाल्या. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा तिचं नाव स्टमाटिया ठेवलं, म्हणजे बास, आता थांबा. हे सांगताना तिला वाटलं, मी चकित होईन. मी सातारा जिल्ह्यातली. माझ्या वर्गात दोन नकुसा होत्या. नकुसाचा अर्थ मी तिला सांगितला तेव्हा ती खूप वेळ हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मग थांबल्या का मुली?" मी म्हटलं, कुठल्या, एकीच्या मागे अजून दोन झाल्या. "आमच्याकडेही तेच. माझ्यामागे कातिना आली. देवाला नाव वाचता येत नाही."

बावीस वर्षांची असताना ती बोटीनं अमेरिकेला आली ती लाम्ब्रोसशी लग्न करायला. त्याला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोत केस होते. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एक टकला माणूस हातात फुलं घेऊन पुढे आला, तेव्हा ती म्हणाली, फुलं फोटोतल्या माणसाला देऊन टाक आणि त्याला पाठव. तरी लग्न झालं, संसार झाला, कोलंबसमध्ये लाम्ब्रोसचं खानावळवजा डायनर चौतीस वर्षं चाललं आणि चौतीस वर्षं त्याच्या भटारखान्यात याया उभी राहिली. लाम्ब्रोस जाऊन आता पंधरा वर्षं झाली. एकच मुलगा, निक. तो साठीच्या पुढचा, सिनसिनाटीला इन्शुरन्समध्ये. स्वभावानं देवमाणूस, पण आईचा फोन आला की खांदे आपोआप वर जातात.

यायाकडे जेवायला जायचं तर आदल्या दिवशी उपास करावा. तळघरात दोन फ्रीझर, दोन्ही तुडुंब. पाव शिळा झाला की वाळवून बरणीत. पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याची पापी घेते आणि मग खाते. आमच्या नेत्रानं एकदा तिच्याकडे जेवताना ताटात दोन घास टाकले. नेत्रा इथंच जन्मलेली, त्या वेळी नऊ वर्षांची, "आय ॲम फुल" म्हणून मोकळी झाली. यायानं ताट उचललं नाही. ताटासमोर बसून राहिली. वीस मिनिटांनी नेत्रानं ते दोन घास खाल्ले. मी नऊ वर्षं ओरडून जे जमलं नव्हतं ते या बाईनं नुसतं बसून केलं.

आता डब्याबद्दल सांगते. पहिल्या दिवाळीला मी तिला चकल्या पाठवल्या, आईच्या स्टीलच्या डब्यातून. झाकणावर आईचं नाव आणि तारीख कोरलेली आहे, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला डबा. तीन दिवसांनी तो परत आला, आत ठासून भरलेली पालकाची पाय. इंग्रजीतली पाय हं, खारीसारख्या पापुद्र्यांत भाजी भरून भाजलेली. मी म्हटलं, एवढं कशाला गं? तर ती रागावली. "रिकामं भांडं परत देतात का कुणाच्या घरी?" झालं. मलाही लहानपणापासून हेच शिकवलेलं, चिमूटभर साखर का होईना, पण भांडं रिकामं जाता कामा नये. दोन्हीकडे एकच खोड असल्यावर डबा थांबणार कसा? सात वर्षं तो या दारातून त्या दारात जा-ये करत राहिला आणि कुणीच कधी जिंकलं नाही. पुरुषोत्तम म्हणायचा, ही इन्फिनिट लूप आहे. तो फक्त खायचं काम करायचा.

त्याचं खरं प्रेम लॉनवर. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हिरवं गवत दिसलं की काय होतं ते मी पाहते आहे. शनिवारी सकाळी तो लॉन कापतो, मग फुटपाथवर उभा राहून बघतो, मग शेजाऱ्यांचं बघतो आणि मग चहा मागतो. एप्रिलमध्ये यायाचं लॉन मात्र पिवळ्या फुलांनी भरून जातं. स्वतःच्या दारात एवढी भाजी असताना ती आधी आमच्याकडची, समोरच्यांची, कोपऱ्यावरच्यांची कापून आणते. मी विचारलं, असं का? तर म्हणे, "आपली शेवटी. आपली कुठे पळून जाते?" सोसायटीकडून तिला तण काढा म्हणून पत्रं यायची. त्या पत्रांवर ती ओरेगानो वाळत घालायची.

तिसऱ्या वर्षी मी एक गोष्ट पाहिली. एप्रिलमधली पहिली भाजी शिजली की ती तेल-लिंबू घालून एक बशी भरते आणि खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवते. तिथं कुणाला बसू देत नाही. संध्याकाळी ती बशी बाहेर पाखरांना टाकते. अन्नाचा कण वाया न घालवणारी बाई आख्खी बशी पाखरांना टाकते हे मला खपेना. मी विचारलं, लाम्ब्रोससाठी का? निकची तशी समजूत होती. ती म्हणाली, लाम्ब्रोसला हे गवत आवडत नसे.

मग भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं. ती सात वर्षांची असताना लढाई सुरू होती. इटालियन सैन्यानं बेट घेतलं, धान्याच्या बोटी बंद झाल्या आणि खडकाळ बेटावर पिकतं काय, दगड. त्या हिवाळ्यात माणसं रस्त्यात बसायची आणि उठायची नाहीत. थोरली बहीण मारिगो पाच जणींना घेऊन डोंगरावर जायची, प्रत्येकीच्या हातात सुरी. मारिगोचा नियम होता, मूळ उपटायचं नाही, उद्या दुसरं कुणी उपाशी येईल. कातिना चार वर्षांची, तिला पाठीवर घ्यायचं काम यायाचं. फेब्रुवारीत एक दिवस यायाला पाठ हलकी वाटायला लागली. पुढच्या आठवड्यात कातिना गेली.

"बाबांनी कुणाला सांगितलं नाही," याया म्हणाली. "गुपचूप पुरलं. सांगितलं असतं तर तिच्या नावाचा रेशनचा पाव बंद झाला असता. महिनाभर पाव येत राहिला. आता सगळ्यांत लहान मी, म्हणून आई तो मला द्यायची. आणि मी खाल्ला. चव होती त्याला. मला आवडायचा तो." माझे डोळे भरून आले आणि मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, माझ्यापुढची पानं पाहिली आणि म्हणाली, "पिवळी पानं ठेवतेस तू. लक्ष कुठं असतं तुझं?" निकला हे माहीत नाही, सांगू नकोस, एवढं तिनं मी निघताना बजावलं.

एरवी आमचं सगळं मजेत चाललं होतं. गेल्या वर्षी पुरुषोत्तम सोसायटीच्या लॅण्डस्केप कमिटीचा प्रमुख झाला. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच नव्हतं. पण त्यानं पेढे आणले. मग तीन शनिवार खपून त्यानं एक सिस्टीम बनवली. कुणीही फोनवरून कुणाच्याही लॉनचा फोटो टाकायचा, की त्या घरमालकाला आपोआप पत्र जाणार, खाली पुरुषोत्तमची सही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, चुका शोधणं हा माझा धंदा. मी त्याला विचारलंही, यायाचं काय? तो म्हणाला, "ती कुठं वाचते?"

ती नाही वाचत. पण घराच्या कागदांवर निकचं नाव आहे आणि निक वाचतो. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तो सिनसिनाटीहून आला आणि काही न बोलता आईचं लॉन जमिनीबरोबर कापून गेला. निघताना आमच्या देखत म्हणाला, "मा, अजून एक अशी गोष्ट झाली तर मी तुला घेऊन जाईन. माझ्या घराजवळ चांगली जागा आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत." एकोणनव्वद वर्षांची याया म्हणाली, "तिथं सगळे म्हातारे असतात." आम्ही हसलो. निक हसला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या लॉनवर तणनाशक मारलं गेलं. कमिटीच्या प्रमुखाचं लॉन कसं आदर्श हवं. पुरुषोत्तमनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यायाला सांगून ये. तो म्हणाला, छोटा झेंडा लावलाय ना तिथं, लिहिलंय त्याच्यावर सगळं. माझा ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजचा आठवडा होता, मी लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. मी जायला हवं होतं. चार पावलांवर घर आहे.

गेले मी, नाही असं नाही, पण भलत्याच कामाला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना याया तिच्या दारात दिसली. होळीला मी तिला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, महिना उलटून गेला होता. मी चेष्टेनं म्हटलं, "याया, माझा डबा राहिलाय हं तुझ्याकडे." आपण बायका कसं बोलतो. वर आणि हसून म्हटलं, आईचं नाव आहे त्याच्यावर.

शुक्रवारी सकाळी याया डबा घेऊन आमच्या दारात. डबा अजून कोमट होता. "माझं लॉन निकनं भादरलं," ती म्हणाली, "मग तुझ्याच लॉनमधली काढली काल. रिकामा कसा देऊ?" माझ्या हातात झाकण तसंच राहिलं. मी विचारलं, तू खाल्लीस यातली? "खाल्ली ना. चांगली पोटभर." आणि बोलता बोलता ती आमच्या पायरीवर बसली. याया कधी कुणाच्या पायरीवर बसत नाही, ती सरळ आत घुसते. मी आतल्या पुरुषोत्तमला हाक मारली. या वेळी पोलीस-ॲम्ब्युलन्सचा नाइन-वन-वन नंबर त्यानं लावला.

हॉस्पिटलात दोन रात्री. उलट्या, सलाइन, वय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. निक आला, आईच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला आणि मग बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन आम्हाला म्हणाला की झालं ते बास झालं, मे संपायच्या आत तो तिला घेऊन जाणार आणि घर विकायला काढणार.

पुरुषोत्तमचा चेहरा पाहवत नव्हता. तो म्हणाला, "निक, ते पत्र माझं होतं. औषध पण मीच मारायला लावलं." मी म्हटलं, "आणि डबा माझा." निकला पहिल्या दोन गोष्टी कळल्या, तिसरी कळेना. मग मी त्याला सांगितलं की भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, मी डबा मागितला आणि तिच्याकडे घालायला काही नव्हतं. निक भिंतीला टेकला. तिसरीत असताना त्याच्या टीचरनं घरी एक केक पाठवला होता म्हणे. ती प्लेट परत गेली तेव्हा तिच्यावर बकऱ्याची तंगडी होती आणि ती प्लेट त्याला बसमधून न्यावी लागली होती.

"तुमच्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "पण माझं वय बासष्ट. दर वेळी दोन तास ड्राइव्ह करून येतो. गळ्यात घालायचं बटण दिलं, पडलीस तर दाब म्हणून, तर तिनं ते अंजिराच्या झाडाला टांगलं. पाखरं घाबरतात म्हणे. रोज कुणीतरी तिला डोळ्यांनी बघायला हवं. कोण बघणार?" आम्ही बघू, पुरुषोत्तम म्हणाला. निक म्हणाला, सगळे असंच म्हणतात. आणि खरंच होतं त्याचं. एवढं झाल्यावर आमच्या शब्दाला काय किंमत होती?

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "निक, रोज सकाळी आमच्याकडून डबा जाईल. संध्याकाळच्या आत तो परत आला पाहिजे. नाही आला तर आम्ही दारात. रिकामा तर ती मेली तरी पाठवणार नाही." मेली हा शब्द तोंडातून निघून गेला आणि मी जीभ चावली. पण निक तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, पुढच्या ईस्टरपर्यंत बघू. ईस्टरला येऊन ठरवीन.

यायाला हे सांगितलं तेव्हा तिनं एकच अट घातली, आमच्या लॉनवर पुन्हा कधी औषध मारायचं नाही. पुरुषोत्तम हो म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा त्याग, लग्न धरून.

डबा सुरू झाला. सकाळी पुरुषोत्तम घेऊन जायचा, पोहे, थालीपीठ, काल उरलेली आमटी, काहीही. याया त्याला तिथंच बसवून कॉफी आणि आणखी काही चारायची. मग तो घरी येऊन परत नाश्ता करायचा, मला वाईट वाटू नये म्हणून. ख्रिसमसपर्यंत त्याच्या पँटी होईनाशा झाल्या. जानेवारीत एकदा सहा वाजले तरी डबा आला नाही. बाहेर गुडघाभर बर्फ. पुरुषोत्तम घरातल्या स्लिपरवर धावत गेला, मी मागे. निकनं दिलेल्या किल्लीनं दार उघडलं, तर याया पीठ मळत उभी. पहिली पालकाची पाय करपली होती. "रिकामा कसा पाठवू?" ती म्हणाली आणि पुरुषोत्तमचे ओले पाय पाहून त्यालाच रागावली. तो खुर्चीत बसला आणि रडला. हे त्याला आवडणार नाही मी लिहिलेलं, पण रडला.

या एप्रिलमध्ये आमचं लॉन पिवळं झालं. अख्ख्या रस्त्यावर दोनच पिवळी लॉन्स, तिचं आणि आमचं. मग पत्र आलं. प्रिय घरमालक, आपल्या लॉनमधील तणामुळे परिसराच्या सौंदर्यास बाधा येत आहे, खाली सही पुरुषोत्तमची. त्यानं ते दोनदा वाचलं. "चांगलं लिहिलंय पण," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं कमिटी सोडली आणि सिस्टीम बंद केली. पत्र यायाला दिलं, तिला ओरेगानोला कागद हवाच होता.

पहिली भाजी यायानं त्याच्याकडून कापून घेतली. तिला आता उकिडवं बसवत नाही. ती खुर्ची टाकून वर बसली आणि हा खाली सुरी घेऊन. "मूळ, मूळ. उपटतोस काय? उद्या कुणी उपाशी आलं तर काय माती खाईल?" इतका ओरडा त्याला त्याच्या बॉसनंही कधी दिला नसेल.

ईस्टरचा रविवार आला. ग्रीकांचा ईस्टर उशिरा, यंदा तर मेमध्ये. निक येणार म्हणून यायानं ती भाजी फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती, तीच शिजवली आणि कोकरू भाजलं. आम्हा तिघांनाही बोलावणं होतं. निक बसला होता, पण त्याच्या शेजारी सिनसिनाटीच्या त्या जागेचे कागद होते, निळ्या फाइलमध्ये. आमच्या सगळ्यांचं लक्ष त्या फाइलकडे. यायाचं नव्हतं, असं ती दाखवत होती. खिडकीजवळ नेहमीची बशी भरून ठेवलेली.

नेत्रा उशिरा आली. आता ती सोळा वर्षांची आहे, शाळेच्या संघात धावते, सराव संपवून थेट तिकडेच आली, घामाघूम. टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती, खिडकीजवळची. ती बसली, समोरची बशी ओढली आणि पाव तोडून खायला लागली. "नेत्रा, ते नको," माझ्या अगदी ओठांवर आलं. यायानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. इतका जोरात की मी गप्प बसले.

नेत्रानं सगळं संपवलं. बशीतलं तेल-लिंबू पावानं पुसून खाल्लं, बोटं चाटली आणि मान वर केली. "याया, इज देअर मोर?"

याया म्हणाली, "काय?"

"मोर. प्लीज. आय ॲम स्टार्व्हिंग."

याया उठली. तिला उठायला वेळ लागतो, निक हात द्यायला पुढे झाला तर तिनं नको म्हटलं. चुलीवरच्या पातेल्यातून तिनं बशी शिगोशीग भरली, वर तेल ओतलं, ओतलं, टेबलावर सांडेपर्यंत ओतलं. नेत्रासमोर ठेवली आणि तिच्याशेजारी उभी राहून तिचं खाणं बघत राहिली. नेत्राला काहीच ठाऊक नव्हतं. तिला भूक लागली होती, बस.

"मा," निक म्हणाला, "ती बशी डॅडची ना?"

"नाही," याया म्हणाली. "माझ्या बहिणीची." आणि मग तिनं त्याला कातिनाचं सांगितलं, ग्रीकमध्ये. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण कुठवर आलं ते मला कळत होतं. गोष्टीत तो पाव आला तेव्हा निकनं डोळ्यांवर हात ठेवला. अख्खं आयुष्य तो या बाईला ताटात टाकू नकोस म्हणून ओरडताना ऐकत आला होता.

त्यानं ती निळी फाइल उघडली नाही. संध्याकाळी गाडीत टाकली तेव्हाही तिच्याबद्दल काही बोलला नाही. यायानं उरलेली भाजी आणि कोकरू माझ्या डब्यात भरून ठेवलं होतं, आमच्यासाठी. निकनं डबा उचलला, झाकणावरचं माझ्या आईचं नाव अंगठ्यानं चाचपलं आणि मला विचारलं, "हा मी घेऊन जाऊ का?"

आईचा डबा, सिनसिनाटीला. मी म्हटलं, "ने. पण माझा डबा राहिलाय तुझ्याकडे, एवढं लक्षात ठेव."